बाजेखालचा गंजलेला विळा

इतकी वर्षे लोटली, तरी ते प्रकरण काही मनातून जात नाही. त्यात दरोडा नव्हता, टोळी नव्हती, वर्तमानपत्रात दोन ओळीसुद्धा छापून आल्या नाहीत. पण निवृत्तीनंतर कोणी म्हटलं, की साहेब, नोकरीतली एखादी गोष्ट सांगा, तर मला बंदुका आणि पाठलाग आठवत नाहीत. बाजेखाली सापडलेला एक गंजलेला विळा आठवतो.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती तेव्हा पोलिसात लागलो. पुढे प्रांतांची वाटणी झाली, माझं गाव तिकडे गेलं आणि माझी नोकरी इकडे राहिली. साठ-बासष्टच्या सुमारास बालाघाटहून लालबर्ऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. ठाण्याचे कागद हिंदीत, शिव्या दोन्ही भाषांत आणि रडणं बहुतेक मराठीत, असा तिथला कारभार होता. मराठी येणारा ठाणेदार म्हणून लोक माझ्याकडे जरा मोकळेपणानं बोलत. मोकळेपणानं म्हणजे खरं बोलत असा मात्र अर्थ नाही.

दिवाळी उलटून गेली होती. धानाची कापणी जोरात होती. एका संध्याकाळी दोन बैलगाडीवाले एका माणसाला गाडीत घालून ठाण्यात घेऊन आले. जवळच्या राइस मिलचा मुकादम. मानेच्या आणि खांद्याच्या मधोमध खोल, वाकडी जखम. माणूस बेशुद्ध. आम्ही त्याला तसंच बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात रवाना केलं आणि मी हवालदाराला घेऊन जागेवर गेलो.

नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवरून रस्ता खाली शेतात उतरतो, त्या उतारावर तो पडलेला होता. बाजूला त्याची सायकल, हँडल मोडलेलं. बाजारातून आणलेली एक पिशवी फाटली होती आणि खडेमीठ मातीत सांडलं होतं. मिठाबरोबर सुकी मासोळी असावी, कारण वास येत होता, पण ती कुत्र्यांनी पळवली होती. हवालदारानं पंचनामा लिहिला. हल्लेखोरानं मागून वार केला, झटापटीत सायकल मोडली, असं त्याचं अनुमान. सायकल जप्त करून मालखान्यात, जप्तीचा माल ठेवायच्या खोलीत, टाकली.

माझा हवालदार छिंदवाड्याकडचा, मेहनती आणि घाईचा माणूस. त्याला प्रत्येक प्रकरण पहिल्याच दिवशी निकालात निघालेलं आवडे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी प्रथम अहवालात लिहिलं, की जखम एखाद्या वाकड्या, धारदार वस्तूची आहे. हवालदार म्हणाला, "साहब, कटाई का टाइम है. हंसिया के सिवा और क्या होगा?"

विळ्यालाच तिकडे हिंदीत हंसिया म्हणतात. त्याचं म्हणणं चूक वाटण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खबर आली. बसथांब्यावरचा पानठेलेवाला आमचा जुना खबरी होता. तो पान लावता लावता लोकांच्या तोंडून बरंच काही काढून घेई. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की चार-पाच दिवसांपूर्वी मिलमध्ये मुकादमाचं आणि एका तरुण कामगाराचं कडाक्याचं भांडण झालं होतं. हा कामगार बौद्ध. मुकादमानं या लोकांसाठी पाण्याचा माठ वेगळा ठेवला होता, दूर कोंड्याच्या ढिगाऱ्यापाशी. त्या दिवशी हा पोरगा सगळ्यांसमोर जाऊन मोठ्या माठातलं पाणी प्यायला. मुकादमानं हातातला पेला हिसकला. तेव्हा हा म्हणाला होता, "तुले एक दिवस पाहून घेईन." हे वाक्य वीस जणांनी ऐकलं होतं.

दुसरी गोष्ट पानठेलेवाल्यानं आवाज खाली आणून सांगितली. "त्याच्या घरी बाजेखाली लाल डाग पडलेल्या फडक्यात विळा लपवून ठेवला हाय म्हणते. शेजारच्या बाईनं पाह्यला."

हवालदार दोन पंच घेऊन त्या घरी गेला. त्या घरात नुकतंच बाळंतपण झालं होतं. बाळंतीण आणि तिचं लेकरू बाजेवर होतं. पोरा‌ची आई, साठीकडे झुकलेली बाई, बाजेला पाठ लावून जमिनीवर बसली आणि हलायला तयार होईना. शेवटी तिला बाजूला केलं तेव्हा बाजेच्या खालून, डोक्याच्या बाजूनं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला विळा निघाला. फडक्यावर तांबडे-तपकिरी डाग. विळ्यावर तसलाच थर. कापणीच्या दिवसांत, जेव्हा गावातला एकेक विळा शेतात असतो, तेव्हा एक विळा फडक्यात गुंडाळून बाजेखाली काय करत होता? पंचांनी सह्या केल्या आणि पोराला ठाण्यात आणलं.

मुकादम शुद्धीवर नव्हता. वाचला तर कलम तीनशे सात, गेला तर तीनशे दोन. पहिल्यात जन्मठेप, दुसऱ्यात फाशीसुद्धा. हे मी त्या पोराला स्पष्ट सांगितलं. मी आरोपीला कलम आधी सांगत असे. भीती दाखवायला नव्हे, तर आपण कुठे उभे आहोत ते माणसाला कळलं पाहिजे म्हणून.

पोरगं पंचविशीच्या आतलं होतं. चौथीपर्यंत शिकलेलं, अंगानं काटक, नजर सरळ. त्याच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि मोहल्ल्यातल्या विहारात हाच सगळ्यांत पुढे असे. घराघरांतून जुने देव, अंगारे-धुपारे, नवस-सायास काढून टाका म्हणून त्यानं लोकांच्या मागे लागून लागून ते करवून घेतलं होतं. त्यामुळे त्याचे चाहते होते तसेच त्याच्यावर टपून बसलेलेही होते.

मी विचारलं, "भांडण झालं होतं?"

"हौ."

"पाहून घेईन म्हणाला होतास?"

"म्हणलो होतो. मी कचेरीत अर्ज देणार होतो, सायेब. त्याले तसंच पाहणार होतो."

"आणि विळा?"

सरळ बघणारा माणूस पहिल्यांदा खाली बघायला लागला. "विळा आमचाच हाय. बाजेखाली कसा गेला ते मले नाही माहीत."

तो खोटं बोलतोय हे मला त्याच क्षणी कळलं. वीस वर्षं माणसांची तोंडं बघितली की इतकं तरी कळतं. हवालदारालाही कळलं. आईला विचारलं तर तिनं त्याहून वाईट केलं. ती म्हणाली, विळा आमचा नाहीच, कोणी टाकला ठाऊक नाही. मुलगा म्हणतो आमचा, आई म्हणते आमचा नाही. हवालदार खूश. कोर्टात वकिलाला याहून जास्त काय हवं असतं?

मिलच्या मालकाचे निरोप वरच्या साहेबांकडे जाऊ लागले होते आणि तिथून माझ्याकडे येऊ लागले होते. आरोपी सापडला आहे, हत्यार सापडलं आहे, कारण सापडलं आहे, मग तपास कसला चालू आहे? मला घाईचा भयंकर राग आहे. आजही आहे. घरात कुलूप लागत नसेल तर किल्ली जोर लावून फिरवणाऱ्यांपैकी मी नाही.

मोहोर लावण्याआधी मी तो मुद्देमाल टेबलावर ठेवून नीट पाहिला. तीन गोष्टी मला खटकल्या. एक, फडकं दमट होतं. बाहेर कोरडी थंडी पडलेली, घरोघरी धान वाळत पडलेलं, आणि हे फडकं हाताला ओलसर. दोन, डाग शिंतोड्यांचे नव्हते. विळ्याचा जो आकार तोच डागाचा आकार, फडक्याच्या प्रत्येक घडीवर सारखा उमटलेला. तीन, फडक्यात एक काळं पडलेलं, सुरकुतलेलं अर्धं लिंबू होतं आणि घड्यांत काही खडे होते. हवालदारानं ते माती म्हणून लिहिले होते. मी त्यातला एक बोटावर घेऊन पाण्यात टाकला. तो विरघळला. मीठ.

आता आमच्याकडच्या कोणालाही लगेच उलगडा होईल. बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवायचा, सोबत लिंबू-मीठ, म्हणजे लेकराला कसली बाधा होत नाही, हे घरोघरी चालतं. माझ्या स्वतःच्या दोन्ही मुलांच्या वेळी आमच्या आईनं ठेवलं होतं. पण अडचण अशी होती, की नेमक्या याच घरात ते चालत नव्हतं. याच पोरानं साऱ्या मोहल्ल्यातून ते बंद केलं होतं. आणि आई तर विळा आमचा नाहीच म्हणत होती.

मी हवालदाराला माझा संशय सांगितला. तो हुशार होता, त्यानं लगेच उलटवला. "साहब, नींबू-नमक से ही तो लोग बर्तन चमकाते हैं. खून साफ करने के लिए रगड़ा होगा."

लिंबू आणि मीठ लोखंडाला पुसतंही आणि खातंही. हल्ल्यानंतर धुण्यासाठी लावलं, की बाळंतपणापासून तिथेच होतं, हे कसं ठरवायचं? रासायनिक तपासणीला मुद्देमाल पाठवला होता, पण तिथला अहवाल यायला महिने लागत. तोवर पोरगं तुरुंगात आणि मुकादम दगावला तर सगळंच संपलं.

घरी जेवताना मी हे पत्नीला सांगितलं. तिनं कढीत मीठ टाकलं आणि म्हणाली, "तुमचे साहेब लोक कागदावर भांडतात. एका विळ्याला तसं करून पाहा ना."

इतकी साधी गोष्ट होती. बाजारातून मी नवे विळे आणि मूठभर खिळे मागवले. ठाण्याच्या खिडकीत, रोजनामच्याच्या मेजाशेजारी, बशा मांडल्या. एका बशीत साध्या पाण्यात खिळा, एकीत मिठाच्या पाण्यात, एकीत चिंचेच्या कोळात, एकीत चुन्याच्या निवळीत, एकीत चहाच्या उरलेल्या पाण्यात. एक खिळा जवसाचं तेल लावून नुसता ठेवला. एक विळा लिंबू-मिठानं घासून, धुऊन, पुसून ठेवला. दुसरा लिंबू-मिठासकट जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला. शिपाई हसत. एकानं विचारलं, साहेब लोणचं घालत आहेत काय? मी म्हटलं, हो, आणि मुरलं की आधी तुलाच वाढणार आहे.

रोज सकाळी हजेरी झाली की मी बशा बघत असे. चुन्याच्या निवळीतला खिळा दिवस गेले तरी तसाच चमकत राहिला. मला त्याचं फार नवल वाटलं. पान खाणाऱ्याच्या तोंडाला चुना भाजतो आणि लोखंडाला जपतो. तेलाचा खिळाही बिनघोर. चहाचा काळा पडला. चिंचेच्या कोळात आधी उजळला, पण बाहेर काढून न पुसता ठेवला तर दुपारपर्यंत पिवळा. साध्या पाण्यातला हळूहळू लाल होत गेला आणि मिठाच्या पाण्यातला त्याच्या कितीतरी पुढे. पण सगळ्यांत वाईट गत झाली ती फडक्यातल्या विळ्याची. भांड्यातल्या पाण्यापेक्षा दमट फडकं वाईट, हे मी तेव्हा शिकलो. ओल सुटत नाही आणि हवाही लागत राहते.

ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला होता तेही दिसलं. घासून पुसलेल्या विळ्यावर दोन दिवसांनी नुसती पिवळी झाक होती. गुंडाळलेल्या विळ्यावर दोन दिवसांनी काळपट-तांबडा चिकटा होता, बोटानं पुसला तर खाली लोखंड दिसत होतं. जप्त केलेल्या विळ्यावर मात्र, मोहोर लावण्याआधी मी पाहिला तेव्हाच, पापुद्रे सुटले होते आणि धारेला खड्डे पडले होते. माझ्या विळ्याला ती कळा यायला आठवडा उलटून गेला. मुकादम पडला त्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी जप्ती झालेली. म्हणजे जप्तीचा विळा हल्ल्याच्या कितीतरी आधीपासून त्या फडक्यात होता आणि मधे कोणी तो उघडलेला नव्हता.

मी आईला ठाण्यात बोलावलं. खोलीतून सगळ्यांना बाहेर काढलं, दार उघडं ठेवलं आणि माझा विळा फडक्यासकट तिच्यापुढे सोडला. तिनं लिंबू पाहिलं, मीठ पाहिलं, आणि तोंडाला पदर लावला.

"आजी, हे मी केलं. तुमचं कोणी केलं?"

तिनं फडक्याची घडी पुन्हा लिंबावर ओढली. मग म्हणाली, "पहिलं लेकरू सुनेचं पोटातच गेलतं, सायेब. हे दुसरं. मले भेव वाटे. पोरगा म्हणे, माय, आपल्यात आता हे नाही. मी हौ म्हणलं. अन् तो कामावर गेला का ठेवून देल्लं."

"मग विळा आमचा नाही असं काहून म्हणालात?"

"त्यानं चार लोकांत उभं राहून सांगतलं होतं, का माह्या घरातून हे सारं गेलं. आता पोलीस म्हणतील, पाहा, याच्याच मायनं ठेवलं. लोक थुकतील त्याच्या तोंडावर. तो कुठं तोंड दाखवन?"

"आजी, त्याला फाशी होऊ शकते."

"त्यानं केलंच नाही तं फाशी काहून होईन?" ती अगदी मनापासून म्हणाली.

पोलिसांवर इतका विश्वास मी आयुष्यात दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. तिनं जबाब दिला, बाळंतपण करणाऱ्या सुईणीनंही दिला, की विळा पहिल्या दिवसापासून तिथेच होता. उठताना म्हातारीनं माझे पाय धरायला वाकून एवढंच मागितलं, "पोराले सांगजो नका." मी हो म्हटलं.

विळ्याचं कोडं सुटलं, पण मुकादमाच्या मानेवर जखम होतीच. हवालदार म्हणाला, ठीक आहे, हा विळा नसेल, दुसरा असेल. वरच्या साहेबांचंही तेच म्हणणं. रिमांडची मुदत संपत आली होती. ती संपली की पोरगं बालाघाटच्या तुरुंगात जाणार आणि मग प्रकरण माझ्या हातून निसटणार.

त्या दिवशी मी मालखान्यात खिडकीतल्या बशा ठेवायला गेलो होतो. प्रयोगाचा विळा हातात होता, फडक्यासकट. समोर मुकादमाची सायकल भिंतीला टेकलेली. तिच्या हँडलच्या मधल्या भागाला, जिथे ते मोडलं होतं तिथेच, कापड गुंडाळलेलं होतं, चांगलं जाड, सुतळीनं बांधलेलं. मी एकदा हातातल्या फडक्याकडे पाहिलं आणि एकदा त्या कापडाकडे. मग विळा खाली ठेवला आणि सुतळी सोडली.

आत जणू विटेचा चुरा भरला होता. कापड दमट आणि खारट. मुकादमाच्या बायकोचं गावात लहानसं दुकान होतं. दर बाजाराला हा खडेमीठ आणि सुकी मासोळी पिशवीत भरून हँडलला अडकवून नेई. पिशवीच्या बंदानं रंग खरवडतो म्हणून तिथे कापड गुंडाळलेलं. पावसाळाभर मिठाला पाणी सुटत होतं आणि ते कापड पीत होतं. वरून सायकल धुतलेली, तेल दिलेली, साखळीला जराही गंज नाही. जिथे दिसत होतं तिथे तो जपत होता.

मी मोडलेल्या नळीचं तोंड उजेडात धरलं. एका वर्षाच्या पावसात झालेला गंज आणि कालपरवा तुटलेलं लोखंड यांचा रंग वेगळा असतो. नळीच्या घेराचा बहुतेक भाग जुना, तपकिरी, आतपर्यंत खाल्लेला. फक्त एका बाजूला थोडासा भाग उजळ होता. त्या तेवढ्याशा लोखंडावर ती सायकल इतके दिवस चालत होती. कोणी मारल्यानं मोडलं असतं तर सगळं तोंड उजळ दिसलं असतं. आणि नळी तिरकी फाटली होती. तिची कड वाकडी आणि धारदार झाली होती, आणि पडताना मुकादम तिच्यावरच आला असणार.

मी हवालदाराला हाक मारली. त्यानं नळी हातात घेतली, फिरवली, कड अंगठ्याला लावून पाहिली. घाईचा माणूस, पण खोटा नव्हता. म्हणाला, "साहब, ये तो अपने आप टूटा है." आणि मग खाली बसून त्यानं टोपी काढली.

आम्ही सायकल घेऊन बालाघाटला गेलो. डॉक्टरांनी जखमेची मापं नोंदवून ठेवली होती. त्यांनी नळीची कड मापली, पुन्हा मापली आणि म्हणाले, "आप यह पहले ले आते तो मैं हंसिया की बात मानता ही नहीं." मी म्हटलं, मी आधी आणली असती तर मीही मानली नसती.

मुकादम आदल्याच दिवशी शुद्धीवर आला होता. ताप उतरला होता, पण आवाज क्षीण होता. आमच्या आधी मिलची माणसं येऊन भेटून गेली होती. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "त्या पोट्ट्यानं मारलं."

"पाहिलंस त्याला?"

"मागून मारलं."

"मग कोणी मारलं ते कसं कळलं?"

"सारेच सांगून राह्यले."

माणसाच्या आठवणीत मोकळी जागा राहिली, की पहिला येणारा तिथे आपलं सामान ठेवून जातो. त्याला दोष देऊन उपयोग नसतो. मी हँडलचा मोडलेला तुकडा मुठीकडून त्याच्या हातात दिला. त्यानं मूठ धरली. सवयीनं बोटं आवळली गेली. थोडा वेळ तो छताकडे बघत राहिला.

त्याला काय बोलायचं ते त्याच्याच हातात होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. त्याला ते पोरगं आवडत नव्हतं. एक शब्द फिरवला असता तर माझी नळी आणि माझ्या बशा कोर्टात हसण्यावारी गेल्या असत्या. दारात हवालदार उभा होता.

"उतारावर होतो," मुकादम हळूच म्हणाला. "हँडल हातातच आलं. मी म्हणलं, हे काय होऊन राह्यलं बाप्पा. मग जमीनच वर आली." हँडल माझ्याकडे परत देत तो म्हणाला, "कोणी नव्हतं, सायेब. मी एकटाच होतो."

त्या माणसाबद्दल माझं मत पुढेही फार चांगलं झालं नाही, माठाची गोष्ट मी विसरलो नाही, पण त्या दिवशी त्यानं जे केलं त्याबद्दल मी त्याचे आभार मानले आणि ते मनापासून होते. डॉक्टरांसमोर जबाब घेतला. कलम एकशे एकोणसत्तरखाली आरोपीला सोडण्याचा अहवाल मी त्याच टेबलावर लिहिला. इतका सुवाच्य अहवाल मी नोकरीत दुसरा लिहिला नसेल.

ठाण्यावर परतलो तेव्हा ऊन होतं. निरोप आधीच पोचला होता. म्हातारी आणि दुपट्यातलं लेकरू घेतलेली सून ओसरीवर बसून होत्या. पोराला हवालातीतून बाहेर आणलं. त्यानं मुचलक्यावर सही केली, बाहेर आला आणि आधी लेकराला हातात घेतलं. मी माझा शब्द पाळला होता. विळ्याबद्दल त्याला एक अक्षर बोललो नव्हतो. सायकल कशी मोडली, मुकादम काय म्हणाला, एवढंच सांगितलं.

पण म्हातारीला राहवलं नाही. सगळ्यांसमोर, पंचांपैकी एक जण तिथे उभा असताना, ती म्हणाली, "विळा मीच ठेवला होता रे."

पोरगा लेकराकडेच बघत होता. म्हणाला, "मले माहीत होतं, माय. तू ठेवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दिसला होता."

"मग बोलला काहून नाही ठाण्यात?"

"तुले हसले असते सारे. म्हणले असते, पोराचं माय आयकत नाही." मग त्यानं वर पाहिलं. "तू काहून नाही बोलली?"

म्हातारीनं लेकराच्या अंगावरचं दुपटं उगाच सारखं केलं. हवालदार पाठ फिरवून बशा उचललेल्या खिडकीकडे बघत बसला, आणि त्याला नाक शिंकरायला रुमाल सापडेना.

पोलिसी शिक्षणात आम्हाला शिकवत, की खोटं बोलणारा माणूस गुन्हा लपवतो. पुढच्या नोकरीत मी एवढा फरक केला, की कोणी खोटं बोललं तर तो काय लपवतो हे नंतर विचारत असे. कोणासाठी लपवतो, हे आधी. त्या ओसरीवर दोन माणसं एकमेकांची लाज राखता राखता एकाला फासापर्यंत घेऊन गेली होती, आणि दोघांनाही आपण काही मोठं केलं असं वाटत नव्हतं. ती चौघं मग उन्हातून चालत घराकडे गेली. लेकरू आजीच्या कुशीत होतं.